चंदन आणि सहाण

गेल्या गणेशोत्सवात आमच्या येथील मराठी मंडळींनी शिक्षकांसाठी एक व्याख्यान ठेविले होते. विषय होता, 'कामाचा ताण कसा सोसावा'. नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर येऊन राहिलेल्या आपल्या कुटुंबांत शाळेत शिकविणाऱ्या भगिनींची संख्या बरीच आहे. त्यामुळे सभागृह भरलेले होते. व्याख्याते अनुभवी, बोलणे रसाळ. पहाटे उठावे, दीर्घ श्वसन करावे, दिवसाच्या कामांची यादी करावी, निकडीचे काम आणि महत्त्वाचे काम यांतील भेद ओळखावा, कामे सहकाऱ्यांत वाटून द्यावीत, आणि मुख्य म्हणजे 'नाही' म्हणावयास शिकावे, असा त्यांचा उपदेश होता. उपदेशात वावगे असे काहीच नव्हते.

प्रश्नोत्तरांच्या वेळी एक बाई उभ्या राहिल्या. येथील एका शाळेत त्या गणित विभागाच्या प्रमुख आहेत. त्या म्हणाल्या, "सर, 'नाही' म्हणायला शिकायचं हे पटलं. पण ते म्हणायचं कोणाला? प्राचार्यांना, वरच्या कचेरीला, की वर्गातल्या पोरांना?" सभागृहात हशा पिकला. हा शेवटी दृष्टिकोनाचा प्रश्न आहे, असे व्याख्यात्यांनी हसून उत्तर दिले. पुढच्या रांगेत आम्ही अधिकारी मंडळी बसलो होतो. आम्ही टाळ्या वाजविल्या.

त्या टाळ्यांची लाज आम्हांस घरी आल्यावर वाटली. बाईंचा प्रश्न विनोदाचा नव्हता. तो नेमका होता, आणि त्याचे उत्तर व्यासपीठावर नव्हते. ते पुढच्या रांगेत, म्हणजे आमच्यापाशी होते. शाळेतील विभागप्रमुखावर जो ताण आज पडतो तो त्याच्या स्वभावातून उपजलेला नसतो, तो त्याच्यावर लादलेला असतो. आणि लादणाऱ्यांत आपण सरकारी अधिकारी अग्रभागी आहोत. असे असता त्यास ताण सोसण्याची कला शिकविणे म्हणजे ओझे तसेच ठेवून हमालास व्यायामाचे धडे देणे होय.

हा विभागप्रमुख म्हणजे कोण, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे; कारण आपल्या कचेऱ्यांत विभागप्रमुख म्हटला की स्वतंत्र खोली, लघुलेखक आणि दारावर शिपाई डोळ्यांपुढे येतो. शाळेतील विभागप्रमुखास यांतील काहीच नसते. गणित, विज्ञान, हिंदी, सामाजिक शास्त्रे अशा एकेका विषयाच्या शिक्षकांतील एकास ही जबाबदारी देतात. खाजगी शाळांत त्यास विभागप्रमुख म्हणतात, काही ठिकाणी विषय-समितीचा निमंत्रक म्हणतात. नाव कोणतेही असो, तो पुरा शिक्षक असतो आणि त्यावर प्रमुख असतो. शिकविण्यात घट नाही, कामात मात्र भर. पुष्कळ ठिकाणी वेतनातही फरक नसतो. असला तर तो सांगण्यासारखा नसतो.

आता थोडा हिशेब करू. आपणां कचेरीतील माणसांस हिशेब लवकर पटतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान काम, पूर्वतयारीचा वेळ धरून, ४५ तास सांगितले आहे. तो कायदा आठवीपर्यंतच्या वर्गांचा आहे. तरी उदाहरणादाखल तेच माप वरच्या वर्गांच्या शिक्षकास लावून पाहू. समजा, एका गणिताच्या शिक्षिकेकडे आठवड्यास ४० मिनिटांच्या २७ तासिका आहेत. हे झाले १८ तास. तिच्याकडे ४० मुलांच्या चार तुकड्या आहेत, म्हणजे १६० वह्या. एका वहीस आठवड्यातून पाचच मिनिटे दिली, तरी ८०० मिनिटे होतात, म्हणजे १३ तास २० मिनिटे. टाचण काढणे, उदाहरणे निवडणे आणि घटक चाचण्यांचे कागद तपासणे या सर्वांस मिळून तासिकेमागे अर्धा तास धरला, तर आणखी १३ तास ३० मिनिटे. एकूण ४४ तास ५० मिनिटे. आठवड्याच्या ४५ तासांपैकी उरली दहा मिनिटे.

या दहा मिनिटांत तिने विभाग चालवावयाचा आहे. वर्षाचे नियोजन करावयाचे, प्रश्नपत्रिकांचे संविधान तक्ते तपासावयाचे, सहकाऱ्यांच्या प्रश्नपत्रिका नजरेखालून घालावयाच्या, रजेवर गेलेल्या शिक्षकाच्या तुकड्या मागे पडणार नाहीत असे पाहावयाचे, नवशिक्या शिक्षकाच्या वर्गात मागे बसून त्याचे शिकविणे पाहावयाचे, अंतर्गत गुणांचे तक्ते मुदतीत भरावयाचे, निकालाचे विश्लेषण लिहावयाचे, पालकांच्या तक्रारींस उत्तरे द्यावयाची, आणि कचेरीकडून येईल ते माहितीपत्रक भरून धाडावयाचे. दहावीची मंडळाची परीक्षा २०२६ पासून वर्षातून दोनदा घेण्याचे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने ठरविले. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा निर्णय हिताचा असेल. पण उजळणीचा आणि निकालाच्या विश्लेषणाचा दुसरा फेरा कोणाच्या दहा मिनिटांत बसवावयाचा, हे तिने कोणास विचारावे?

हे काम ती करते ते रात्री करते आणि रविवारी करते. ते बसत नाही म्हणून तीस आपण कार्यक्षम नाही असे वाटू लागते. मग चिडचिड, मग झोप उडणे, मग एके काळी आवडता असलेला वर्ग नकोसा होणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात या अवस्थेची नोंद केली. शीण, कामाविषयी येणारी विरक्ती आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना, अशी तिची तीन लक्षणे तेथे दिली आहेत. आणि लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, त्या संघटनेने तीस आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या ताणातून उद्भवणारी, नोकरीशी निगडित घटना म्हटले आहे. म्हणजे दोष शोधावयाचा तो प्रथम कामाच्या मांडणीत. आपण मात्र तो शिक्षिकेच्या श्वासोच्छ्वासात शोधीत बसलो आहोत.

'कामे वाटून द्यावीत' या उपदेशाचे तर हसूच येते. वाटून द्यावयास हाती अधिकार लागतो. विभागप्रमुखास नवा शिक्षक नेमता येत नाही, असलेल्याची एक तासिका कमी करता येत नाही, रिकामी जागा भरता येत नाही. ज्या सहकाऱ्यास तो काम देणार, त्याच्याही आठवड्यात दहाच मिनिटे उरलेली. त्याने दिले तर सहकाऱ्याचा रोष, न दिले तर वरिष्ठांचा ठपका. इकडे आड, तिकडे विहीर. निकाल घसरला की स्पष्टीकरण त्याने द्यावयाचे. निकाल चढला की अभिनंदनाचा फलक संस्थेच्या दारावर. जबाबदारी पुरी आणि अधिकार शून्य, अशी जागा आपल्यापैकी एकाने तरी आनंदाने पत्करली असती काय?

येथे कोणी म्हणेल, शिक्षकास संरक्षण देणारे कायदे आहेत. आहेत खरे. शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढी कामे वगळून अन्य अशैक्षणिक कामांस शिक्षकास जुंपण्यास मनाई केली आहे. निवडणुकीच्या कामाविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली निर्णय दिला की, ती कामे शिक्षकांस सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावीत, शाळेच्या दिवशी सहसा देऊ नयेत. मुलांच्या दृष्टीने निर्णय न्याय्यच होता. पण शिक्षकाच्या बाजूने तो पुन्हा वाचून पाहावा. मुलांचा सोमवार वाचला, आणि शिक्षकाचा रविवार खर्ची पडला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शिक्षकांवर प्रशासकीय कामांचा भार टाकू नये असे स्वच्छ म्हटले. त्याच धोरणाने शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तासांचे प्रशिक्षण घ्यावे असेही म्हटले. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. फरक एवढाच की, दुसरीची नोंद ठेवणारी यंत्रणा तत्काळ उभी राहते, पहिलीची नोंद ठेवावयास कोणीच बसलेले नसते.

हे असे का होते, हे आपणांहून अधिक कोणास ठाऊक असणार? सरकारी नोकरीत आमची पंचवीस वर्षे गेली. एका प्रसंगाची कबुली येथे दिली पाहिजे. कचेरी कोणती, हे सांगण्याचे कारण नाही. वरून एका प्रश्नास उत्तर मागविले होते. आम्ही अधिक सावध. काही राहून जावयास नको म्हणून अखत्यारीतील साऱ्या शाळांकडून विषयवार पाच वर्षांचे आकडे मागविले, आणि पत्रावर स्वहस्ते 'तातडीचे, आज चारपर्यंत' असे लिहिले. आकडे आले. कोणत्या वर्गांतून शिक्षक उठून आले असतील, किती मुले तो तास नुसती बसून राहिली असतील, याचा विचारही आमच्या मनास शिवला नाही. वर गेलेल्या उत्तरात त्या आकड्यांपैकी एक ओळ वापरली गेली. बाकीचे कागद नस्तीत बांधले गेले आणि पुढे कोणी उघडले नाहीत. आपल्यापैकी ज्यांच्या हातून असे एकही पत्र गेलेले नाही, त्यांनी हा लेख येथेच ठेवून द्यावा.

उंटावरून शेळ्या हाकण्याचा हा प्रकार कागदांपुरता थांबत नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २००९ साली सातत्यपूर्ण आणि सर्वंकष मूल्यमापनाची पद्धती आणली. मुलाचे वागणे, कला, क्रीडा, अभिरुची या सर्वांच्या श्रेणी शिक्षकांनी वर्षानुवर्षे तक्त्यांत भरल्या. २०१७ साली ती पद्धती मागे घेण्यात आली. पद्धती बरी होती की वाईट, हा वाद आम्ही येथे घालीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ती आली तेव्हा शिक्षकास तिच्यासाठी वेळ किती लागेल हे जसे कोणी मोजले नाही, तसेच ती गेली तेव्हा त्याचा किती वेळ वाया गेला हेही कोणी मोजले नाही. खजिन्यातील एक रुपया इकडचा तिकडे झाला तर आपण लेखापरीक्षक बसवितो. शिक्षकाच्या वेळेचे लेखापरीक्षण आजवर कोणत्या कचेरीने केले आहे?

आणि आपला या शाळांशी संबंध केवळ अधिकाऱ्याचा नाही, ऋणकोचाही आहे. दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशीनंतर १९६२ साली केंद्रीय शाळांची योजना मंजूर झाली. १९६३ साली लष्करी ठाण्यांतील वीस शाळांपासून तिचा आरंभ झाला. आज देशात केंद्रीय विद्यालयांची संख्या बाराशेंहून अधिक आहे. या शाळा निघाल्या कोणासाठी? तुम्हां-आम्हांसाठी. बदलीचे पत्र हाती पडताच बिऱ्हाड गुंडाळणाऱ्या केंद्र सरकारी नोकरांच्या मुलांची परवड होऊ नये म्हणून. नोव्हेंबरात आपली बदली कोचीहून चंडीगढला होते आणि आपला मुलगा अनोळखी वर्गात जाऊन बसतो. तेथे कोणते धडे झाले, याचे कोणते राहिले, हे पाहून त्यास ओळीवर आणणारा माणूस हा त्या विषयाचा शिक्षक, आणि शिक्षकास अडले तर विभागप्रमुख. आपली सारी नोकरी या माणसांच्या खांद्यावर पार पडली. त्याची फेड आपण कशी करतो? रात्री दहा वाजता त्यांच्या भ्रमणध्वनीवर संदेश धाडून विचारतो की, अमक्या चाचणीत आमच्या मुलाचा अर्धा गुण का कापला.

आक्षेप घेणारे आहेत, याची आम्हांस जाणीव आहे. पहिला आक्षेप असा की, ताण कोणास नाही? आम्हीही नस्त्या घरी आणतो. खरे आहे. पण नस्तीस उद्यापर्यंत मेजावर ठेवता येते. चाळीस मुले ताटकळत ठेवता येत नाहीत. दुसरा आक्षेप सुट्ट्यांचा. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी असते, हे नाकारण्याचे कारण नाही. त्या सुट्टीत प्रशिक्षणे, उत्तरपत्रिका तपासणे आणि पुढील वर्षाचे नियोजन किती असते, हे घरात शिक्षिका असलेल्या वाचकास सांगावयास नको.

तिसरा आक्षेप आपल्या मराठी मनाचा, आणि तोच सर्वांत गोड व म्हणून सर्वांत घातक. शिक्षकाने चंदनासारखे झिजावे, असे आपण मोठ्या प्रेमाने म्हणतो. निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळाबरोबर हे वाक्य हमखास दिले जाते. आम्हीही ते दिले आहे. पण चंदन आपण होऊन झिजत नाही. त्यास सहाणेवर धरून घासणारा हात असतो. आणि उगाळलेले चंदन देवाच्या कपाळी जाणार असेल तर झिजण्यास काही अर्थ आहे. मुलास त्रैराशिक समजावे म्हणून शिक्षक झिजला तर ते झिजणे सार्थकी लागले. एकच माहिती तीन निरनिराळ्या तक्त्यांत भरता भरता झिजला तर ते गंध कोणाच्या कपाळी लावावयाचे? चंदनाची स्तुती पुष्कळ झाली. आता सहाणेविषयी आणि हाताविषयी बोलण्याची वेळ आली आहे.

व्यक्तीने स्वतःपुरते काही करू नये, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्या सभेनंतर आम्ही त्या बाईंस मुद्दाम भेटलो. त्या स्वतः पुष्कळ करतात. चारही तुकड्यांच्या वह्या एका दिवशी न घेता त्या दिवसाआड एकेक तुकडी घेतात. विभागातील प्रश्नपत्रिकांचा एक साठा त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने करून ठेविला आहे. दर वेळी कोऱ्या कागदापासून आरंभ करावा लागत नाही. आणि त्यांनी एक जाड वही घातली आहे. कोणते काम आले, कोणी सांगितले, केव्हा हवे, आणि पुढे त्याचे काय झाले, असे चार रकाने. नवे काम आले की ती वही घेऊन त्या प्राचार्यांपुढे उभ्या राहतात आणि विचारतात, "सर, यांतलं मागं कोणतं ठेवू?" 'नाही' म्हणण्याचा हा त्यांचा सभ्य मार्ग. प्राचार्य समंजस आहेत. ते कधीकधी एखादे काम मागे ठेवतात. पण पुष्कळदा तेही हात जोडून म्हणतात, "बाई, हे वरून आलंय." त्या वहीतील चौथा रकाना आम्ही पाहिला. 'पुढे काय झाले' या मथळ्याखाली बहुतेक ठिकाणी आडवी रेघ होती.

ती रेघ पुसणे आपल्या हाती आहे, आणि त्यास क्रांती लागत नाही. जो कोणी अधिकारी शाळांकडून माहिती मागवितो, त्याने सही करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: ही माहिती सरकारजवळ आधीच आहे काय, ती कोणत्या निर्णयासाठी हवी आहे, आणि ती भरावयास शाळेत कोणाचे किती तास जातील. 'यूडायस प्लस'सारख्या व्यवस्थेत शाळांची, शिक्षकांची, विद्यार्थ्यांची माहिती दरवर्षी भरली जात असता तीच पुन्हा कागदावर मागणे हा निव्वळ आळस आहे, आणि तो शिक्षकाचा नव्हे. ज्यांची विनंती टाळता येण्याजोगी नाही, त्यांनी ती वर्षाच्या आरंभी एकदाच आणि तारखेसह कळवावी. 'आज चारपर्यंत' हे शब्द आग लागली असता वापरावेत.

आपल्यापैकी जे शाळांच्या व्यवस्थापन समित्यांवर बसतात, आणि असे पुष्कळ आहेत, त्यांनी विभागप्रमुखाच्या तासिकांत स्पष्ट घट मागावी. तासिका सहा कमी केल्या तर वर्गातले चार तास मोकळे होतात. एक तुकडी दुसऱ्याकडे गेली की तिच्या चाळीस वह्याही जातात. विभागप्रमुखाचे काम हे काम आहे असे मानावयाचे असेल, तर त्यास तास दिले पाहिजेत. तास द्यावयाचे नसतील, तर ते पद रद्द करावे. यास पैसा लागेल, एक शिक्षक अधिक नेमावा लागेल, हे आम्ही जाणतो. आज तो पैसा आपण वाचवीत नाही. तो शिक्षिकेच्या झोपेतून वसूल करतो. आणि पालक म्हणून आपण निदान एवढे करावे की, संध्याकाळनंतर शिक्षकास संदेश धाडू नये.

कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे, याचा बृहन्महाराष्ट्रातील आपल्या मंडळींस सार्थ अभिमान आहे. शिक्षणाच्या गुणवत्तेवर परिणाम करणाऱ्या सर्व घटकांत शिक्षकाची योग्यता हा घटक सर्वांत महत्त्वाचा, असा निर्वाळा त्या आयोगाने १९६६ साली दिला. त्या शिक्षकास शिकविण्याइतका वेळच उरू दिला नाही, तर त्याची योग्यता वर्गापर्यंत पोहोचणार कशी? आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

त्या बाईंनी या वर्षअखेर प्रमुखपद सोडण्याची इच्छा प्राचार्यांस लेखी कळविली आहे. शिकविणे त्यांना सोडावयाचे नाही. उलट शिकविता यावे म्हणून पद सोडावयाचे आहे. विभागात दुसरे कोणी ते घ्यावयास तयार नाही. बहुधा सर्वांत तरुण शिक्षकाच्या गळ्यात ते पडेल, कारण त्यास अजून 'नाही' म्हणता येत नाही.

येत्या गणेशोत्सवात ताणावर व्याख्यान अवश्य ठेवावे. फक्त बसण्याची व्यवस्था बदलावी. श्रोते म्हणून आपण अधिकाऱ्यांनी बसावे, विषय असावा 'परिपत्रक केव्हा काढू नये', आणि व्यासपीठावर त्या बाईंस बोलवावे. येताना त्यांनी ती जाड वही आणावी, अशी त्यांस आमची विनंती राहील.